मंद आचेवरचं अमरत्व

चीनच्या शानशी प्रांतात एका थडग्यातून मातीचं मडकं निघालं. त्यावर हिंगुळाच्या तांबड्या शाईनं लिहिलेला मजकूर इ.स. १७३ सालचा आहे. मृताचं नाव चांग शूचिंग. मडक्यावर विलाप असेल, प्रार्थना असेल असं वाटतं, पण निघतो तो चक्क सरकारी अर्ज. जमिनीखालच्या अधिकाऱ्यांना त्यांच्या हुद्द्यांनिशी कळवलेलं आहे: सोबत शांगदांगच्या जिनसेंगची नऊ मुळं देत आहोत, ती जिवंतांच्या बदली धरावीत. शिशाची माणसं देत आहोत, ती मृताच्या बदली धरावीत. पिवळं सोयाबीन आणि खरबुजाच्या बिया आहेत, त्यातून मृतानं जमिनीखालचा सारा भरावा.

त्या काळच्या अशाच दुसऱ्या एका मजकुरात शिशाच्या माणसाची लायकीही नोंदवली आहे. त्याला कांडता येतं, रांधता येतं, गाडी हाकता येते आणि लेखणी धरून लिहिताही येतं. म्हणजे खाली वेठीला कारकूनही लागत. पुढच्या शतकांत थडग्याची जागा पाताळातल्या मालकांकडून विकत घेतल्याची खरेदीखतं प्रेतासोबत पुरू लागले. किंमत बहुधा ठरलेली, ९९,९९९ नाण्यांच्या माळा. साक्षीदारांची नावंही असत. सातबाऱ्यापायी आयुष्य घालवणाऱ्यांना हे वाचून परकं वाटू नये.

ताओ मताचं, म्हणजे चीनमधल्या एका जुन्या धर्मपंथाचं, मरण समजून घ्यायचं तर मी या मडक्यापासून सुरुवात करीन, त्या मताच्या प्राचीन तत्त्वज्ञापासून, च्वांग त्झूपासून नाही. च्वांग त्झूची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. बायको वारली आणि हा पाय पसरून, भांडं बडवत गात बसला. मित्र चिडला तेव्हा म्हणाला, आधी ती नव्हतीच. मग छी झाली, छीचा आकार झाला, आकाराचं जगणं झालं, आता ते मागं फिरलं, ऋतू फिरतात तसं. (‘छी’ हा उच्चार मराठी कानाला विचित्र लागतो, पण इलाज नाही. श्वास, वाफ, जोर आणि जीव या सगळ्यांना मिळून तो एक शब्द आहे.) स्वतःच्या मरणाच्या वेळी शिष्य थाटाचं दफन करू म्हणाले, तेव्हा त्यानं हसून विचारलं: उघड्यावर टाकलंत तर घारी-कावळे खातील, पुरलंत तर मुंग्या खातील, एकाच्या तोंडचा घास काढून दुसऱ्याला देण्याचा एवढा पक्षपात का? उत्तर सुंदर आहेच. पण ते एका विलक्षण माणसाचं उत्तर आहे. गावातली म्हातारी गेली तर घरच्यांनी करायचं काय, हे त्यातून कळत नाही. ते पुढची दोन हजार वर्षं ज्यांनी सांगितलं ते पुरोहित, वैद्य, अमरत्वाचं औषध शिजवणारे भट्टीवाले आणि ध्यानी मला जास्त गुंतवून ठेवतात.

आपल्याकडच्या वाचकाची एक अडचण आधी दूर करायला हवी. ‘आत्मा अमर आहे’ हे आपण इतक्या लहानपणी ऐकलेलं असतं, की अमरत्व म्हटलं की काहीतरी आधीच तयार असलेलं, फक्त झाकलेलं, असं मनात येतं. ताओ मतात तसं तयार काहीही नाही. माणसात जीवांची एक टोळी राहते. तीन ‘हुन’, हलके, वर जाणारे. सात ‘पो’, जड, हाडामासाला चिकटलेले. जिवंतपणी ते एकत्र नांदतात. मरण म्हणजे त्यांची फाटाफूट: हुन वर निघतात, पो प्रेताबरोबर मातीत उतरतात आणि हळूहळू विरतात. यातलं कुणीच शस्त्रानं न तुटणारं, आगीत न जळणारं नाही. विरघळू नये असं काही हवं असेल तर ते जिवंतपणी तयार करावं लागतं. त्याला भट्टी लागते, इंधन लागतं, दिवस मोजावे लागतात आणि बहुतेकांचं करपतं.

भट्टी पेटवण्याआधी हिशेब. गे होंग (२८३–३४३) हा या विषयातला सर्वांत व्यवहारी लेखक. त्याचा हिशेब असा: माणसाच्या चुकांप्रमाणे आयुष्य कापलं जातं. मोठ्या चुकीला ३०० दिवस, लहान चुकीला ३ दिवस. पृथ्वीवरचा अमर व्हायचं तर ३०० सत्कृत्यं पदरी हवीत, स्वर्गातला व्हायचं तर १,२००. आणि ही कलमं वाचताना तो हसत असावा असं मला नेहमी वाटतं: १,१९९ झाली आणि मग एक वाईट कृत्य घडलं, तर आधीची सगळी बाद. पुन्हा एकपासून.

चुगली कोण करतं? चूलदेव महिन्याच्या शेवटच्या रात्री वर जाऊन सांगतो. त्याहून वाईट म्हणजे शरीरातच राहणारे ‘तीन शव’, एक डोक्यात, एक छातीत, एक पोटाच्या खाली. यजमान लवकर मरावा हीच त्यांची इच्छा, कारण तो मेला की ते सुटतात आणि भुतं होऊन नैवेद्यावर ताव मारत हिंडतात. साठ दिवसांच्या चक्रातल्या सत्तावन्नाव्या रात्री, ज्या दिवसाला कंग-शन म्हणतात, माणूस झोपला की ते बाहेर पडून वर अहवाल देतात. उपाय सरळ आहे: त्या रात्री झोपायचं नाही. लागोपाठ तीन जागरणं झाली तर ते दबतात, सात झाली तर नष्ट होतात. पहिल्यापासून सातव्यापर्यंत ३६० दिवस. हे जागरण पुढं जपानात गेलं आणि तिथं त्याचं रात्रभर खाण्यापिण्याचं, गप्पांचं निमित्त झालं. कोजागरी पाळणाऱ्यांना हा घसरता उतार ओळखीचा आहे. दुसरा उपाय कडक होता, धान्य सोडणं. तीन शवांचं पोषण धान्यावर होतं, म्हणून भात, गहू, बाजरी बंद. त्याऐवजी कंद, पाइनच्या बिया, औषधी मुळं आणि श्वास.

आता भट्टी. गे होंगचा युक्तिवाद साधा आहे. वनस्पती जाळली की राख होते, पुरली की कुजते. जी स्वतः कुजते ती तुम्हाला न कुजणारं कसं करील? वनौषधींनी आयुष्य वाढेल, बस्स. पण हिंगूळ तापवला की पारा होतो आणि पुन्हा पुन्हा पालटत गेला की परत हिंगूळ होतो. लाल दगड, मग वाहती चांदी, मग पुन्हा लाल. मरून परत येणारा पदार्थ डोळ्यांसमोर असताना माणसानं त्याच्यावर आशा लावली यात वेडेपणा कमी आणि निरीक्षण जास्त आहे.

पात्र कसं करायचं याला प्रयोगाइतकंच महत्त्व. मातीच्या मुशीला आतून-बाहेरून ‘सहा-एक’ नावाच्या चिखलाचे थर देत. नाव सहा-एक, पण जिन्नस सात. शिंपल्यांचं चूर्ण, तांबडी माती, संगजिरे, खारट मिठं असलं मिश्रण बारीक कुटून, भिजवून लिंपायचं आणि उन्हात पूर्ण वाळवायचं. घाई केली तर आचेवर तडा जातो. तडा गेला की वाफ निसटते, आणि वाफ निसटली की त्यांच्या मते सत्त्वच गेलं. इंधन म्हणून घोड्याची लीद आणि भाताचा तूस, कारण त्यांची धग मंद आणि सारखी राहते. आच ठरलेल्या टप्प्यांनी वाढवत न्यायची. आपल्या रसवैद्यांना मूस, कापडमाती आणि पुटं वेगळी समजावून सांगायला नकोत.

चूक नेमकी कुठं झाली, हे आज सांगता येतं. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. तापवला की गंधक हवेशी मिळून उडून जातो आणि पारा उरतो. तोच पारा हवेत दीर्घकाळ साधारण साडेतीनशे अंशांवर तापवत ठेवला, तर पुन्हा लाल भुकटी होते. भट्टीवाल्याला वाटतं, हिंगूळ परतला. परतलेला नसतो. ही पाऱ्याची भस्मासारखी दुसरीच लाली असते, तिच्यात गंधक नाही. आणि फरक रंगात दिसत नाही, पोटात दिसतो. खरा हिंगूळ पोटातल्या आम्लात फारसा विरघळत नाही, त्यामुळं चिमूटभर खाऊन माणूस तग धरू शकतो. ही दुसरी लाली मात्र त्या आम्लात विरघळते आणि रसकापराच्या जातीचं विष होते. शिसं सोबत असेल तर शेंदूरही तयार होतो, तोही लाल. एकाच मुशीत तीन लाल, आणि ओळखायचं साधन फक्त डोळा.

हान यू या थांग काळच्या विद्वानानं आपल्या नात्यातल्या ली यूच्या थडग्यासाठी लेख लिहिला. ली यू ८२३ साली वारला, वय ४८. त्या लेखात हान यूनं विषाची कृतीच देऊन ठेवली आहे: भांडं शिशानं भरावं, मध्ये दाबून खळगा करावा, त्यात पारा ओतावा, चारी बाजूंनी झाकण लिंपून बंद करावं आणि जाळून हिंगूळ करावा. हे औषध घेतल्यावर ली यूला खालून रक्त जाऊ लागलं. चार वर्षं दुखणं वाढत गेलं आणि त्यानं प्राण सोडले. पुढं हान यू आपल्या माहितीतल्या अशा बड्या माणसांची यादी देतो. त्यातला एक मंत्री सांगे की, टाळूपासून खालपर्यंत तापलेली लोखंडी सळई खुपसल्यासारखं होतं, सांध्यासांध्यांतून आग बाहेर पडते. त्याच्या बिछान्यावर पारा सापडत असे. दहा-बारा वर्षं रक्त थुंकून तो मेला.

ली यूला कृती शिकवणारा ल्यू पी हाच सम्राट श्येनत्सोंगचाही औषधवाला होता. सम्राट ८२० साली गेला, त्याआधी औषधानं इतका चिडखोर झाला होता की भोवतालच्या खोजांना जिवाची धास्ती वाटे. त्यांच्यातल्याच कुणी त्याला मारलं अशी बोलवा होती. ल्यू पीला फटके मारून ठार केलं गेलं. त्यानंतरही त्याच घराण्यातले मूत्सोंग (८२४), वूत्सोंग (८४६) आणि श्वेनत्सोंग (८५९) याच वाटेनं गेले. बाप मेलेला पाहूनही मुलगा गोळी का घेतो? याचं उत्तर औषधाच्या पहिल्या महिन्यांत आहे. या गोळ्यांत पडणारा सोमल अगदी थोड्या मात्रेत चेहऱ्यावर तकाकी आणतो, भूक वाढवतो. नंतर अंगावर मुंग्या येतात, हातपाय सुजतात. आणि भट्टीवाल्यांच्या पोथ्यांत स्पष्ट लिहिलेलं असे की अंगावर किडे चालल्यासारखं वाटणं ही औषध लागू पडल्याची खूण आहे, घाबरू नये. लक्षणालाच पुरावा ठरवलं की माघारीचा रस्ता उरत नाही.

याच भट्टीतून आणखी एक वस्तू निघाली. गंधक, मनशीळ आणि सोरा मधासोबत तापवू नका, काहींचे हात-तोंड भाजले आणि घर जळालं, असा इशारा एका जुन्या ताओ पोथीत आहे. अमर करणारं औषध शोधताना बंदुकीची दारू सापडली. चिनी भाषेत तिचं नाव आजही ‘आगीचं औषध’ असंच आहे.

औषध घेऊन मेलेल्यांचं काय झालं म्हणायचं? इथं ताओ मताची सर्वांत चतुर कल्पना येते: शव-मुक्ती. गे होंगच्या उतरंडीत अमरांचे तीन वर्ग आहेत. श्रेष्ठ ते देहासकट आकाशात चढतात, आपल्या तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनासारखे. मधले नामांकित डोंगरांवर फिरत राहतात. तिसरे आधी मरतात आणि मग सुटतात, रातकिडा कात टाकतो तसे. शवपेटी उघडली तर आत फक्त तलवार, काठी किंवा कपडे. म्हणजे मरण दिसलं एवढ्यावरून मेला असं म्हणता येत नाही. टीकाकार याला पळवाट म्हणतील, आणि ती होतीच. पण तिच्या पोटात एक गंभीर विचार दडला आहे. ताओ समुदायातल्या एका फार जुन्या भाष्यात ‘महाअंधार’ नावाचं ठिकाण येतं. सत्पुरुष तिथं मरणाच्या निमित्तानं जातो आणि त्याचा देह पुन्हा घडवला जातो. थडगं हीसुद्धा एक मूस. मेल्यानंतरही शिजवणं चालू राहू शकतं, हा धागा पुढं फार कामी आला.

बाहेरची भट्टी हळूहळू विझत गेली आणि तिची सगळी भाषा शरीरात शिरली. १०७५ साली चांग पोत्वाननं लिहिलेल्या पद्यांत शिसं, पारा, मूस, आच सगळं आहे, पण एकही वस्तू बाजारात आणायला जायचं नाही. मूस म्हणजे बेंबीखालचं ‘दानथ्येन’, औषधाचं शेत. जिन्नस तीन: जिंग म्हणजे वीर्य-सत्त्व, छी आणि शन म्हणजे जाणीव. जिंग शिजवून छी, छी शिजवून शन, शन शिजवून शून्याकडं परत. वेळापत्रकही ठरलेलं: पाया घालायला शंभर दिवस, गर्भ वाढवायला दहा महिने, तान्ह्याला जपायला तीन वर्षं, भिंतीकडं तोंड करून नऊ.

बैठक मांडायची, डोळे अर्धे मिटायचे, लक्ष बेंबीखाली ठेवायचं. ऊब जमली की ती माकडहाडापाशी वळते आणि पाठीच्या कण्यातून चढते. वाटेत तीन नाकी: माकडहाड, पाठीचा मध्य, डोक्याची मागची बाजू. पहिल्या टप्प्यात बकऱ्याची गाडी, सावकाश. दुसऱ्यात हरणाची, चपळ. तिसऱ्यात बैलाची, कारण तिथं जोर लागतो. टाळूपर्यंत पोचली की जीभ टाळ्याला लावून पूल करायचा, साठलेली लाळ गिळायची आणि ऊब छातीवरून परत खाली आणायची. हे वाचून ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाची आठवण न होणारा मराठी वाचक विरळा. नाथपंथ आणि हे, यांच्यात कोणी कोणाकडून घेतलं या वादात मी पडणार नाही. भांडी सारखी दिसली म्हणून स्वयंपाक एक ठरत नाही. कुंडलिनी जागी होते, ती आधीपासून आहे. ताओचा गर्भ आधीपासून नाही, तो धरावा लागतो.

बिघडतं ते आचेत. आच दोन प्रकारची, ‘लष्करी’ म्हणजे जोरकस, नेटानं घेतलेला श्वास, आणि ‘मुलकी’ म्हणजे मंद, जवळजवळ विसरलेला. सुरुवातीला लष्करी, जमलं की लगेच मुलकी. नवशिक्याची हमखास चूक म्हणजे ऊब जाणवली की आनंदानं जोर वाढवणं. मग डोकं जड, छातीत धडधड, झोप उडते, भलतेसलते देखावे दिसू लागतात. त्याला ‘आग भरकटली’ म्हणतात. दुसरी चूक तयार झालेला गर्भ टाळूतून लवकर बाहेर सोडण्याची. तान्ह्याला अंगणात नेतात तसं करायचं: एक पाऊल बाहेर, लगेच आत. काही महिन्यांनी दहा पावलं. घाई केली तर परतीची वाट सापडत नाही. लंगड्या ली थ्येक्वाईची कथा इथलीच. देह शिष्याच्या राखणीत ठेवून तो सात दिवसांसाठी बाहेर गेला. सहाव्या दिवशी शिष्याची आई आजारी पडल्याचा निरोप आला आणि शिष्यानं देह जाळून घराकडं धाव घेतली. परत आलेल्याला नुकत्याच मेलेल्या लंगड्या भिकाऱ्याचंच शरीर मिळालं. मच्छिंद्रनाथांच्या परकायाप्रवेशाची राखण ऐकलेल्यांना तो शिष्य लगेच समजेल. मला तर त्याची बाजू पटते.

वांग छोंगयांग या ताओ साधकानं ११६१ साली चोंगनान डोंगराजवळ स्वतःसाठी एक खोल खड्डा खणला, त्याला ‘जिवंत मेलेल्याचं थडगं’ नाव दिलं, वर ‘वेड्या वांगचं स्थान’ अशी पाटी लावली आणि दोनेक वर्षं त्यात राहून साधना केली. मग खड्डा बुजवला आणि शिष्य शोधायला निघाला. त्याचा शिष्य छ्यू छूची. चंगीझखानानं अमरत्वाचं औषध मागवण्यासाठी त्याला बोलावणं धाडलं. म्हातारा सत्तरीपार, १२२० साली शानतुंगहून निघाला, वाळवंट आणि पर्वत ओलांडत १२२२ साली हिंदुकुशाच्या बाजूला खानाच्या छावणीत पोचला. खानानं पहिलाच प्रश्न औषधाचा केला. छ्यू म्हणाला, आयुष्य जपण्याचा मार्ग आहे, अमर करणारं औषध नाही. समोर कोण बसलं आहे ते पाहता हे वाक्य उच्चारायला किती दम लागला असेल. खानाला ते आवडलं, त्याच्या पंथाला कर माफ झाले. दोघंही १२२७ सालीच वारले.

पण नऊ वर्षं भिंतीकडं कोण बघणार? शेतकरी, विणकर, बाळंतपणात गेलेली बाई, बुडालेला कोळी, यांनी काहीच शिजवलेलं नसतं. सोंग घराण्याच्या काळात (९६०–१२७९) ताओ पुरोहितांनी यावर तोड काढली ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत माणुसकीची वाटते. विधीचं नाव ‘ल्येनतू’, शुद्ध करून पार नेणं. आधी भुकेल्या मृतांना पाणी आणि अन्न. मग पुरोहित डोळे मिटतो, आपल्या मूत्रपिंडांतलं पाणी आणि हृदयातली आग जागी करतो आणि मृताच्या विखुरलेल्या जीवांना स्वतःच्या देहात ओढून घेतो. बाहेर वेदीवर पाण्याचं पात्र आणि आगीचं पात्र असतं, पण खरं काम आत. मृताला नवा गर्भ पुरोहिताच्या पोटात मिळतो. ज्यानं आयुष्यात कधी बैठक मारली नाही, त्याच्यासाठी दुसरा माणूस आपली भट्टी उसनी देतो. आणि म्हणूनच अट कडक: पुरोहिताची स्वतःची साधना कच्ची असेल, तर कागदपत्रं जाळणं, घंटा, झांजा सगळं नाटक.

हाँगकाँगमध्ये याचं लोकांना दिसणारं रूप म्हणजे ‘नरक फोडणं’. हे पुरोहित तिथं ‘नाम-मो लो’ म्हणून ओळखले जातात. यातला ‘नाम-मो’ बौद्धांच्या वाटेनं गेलेला आपला ‘नमो’ आहे, म्हणजे मराठीत सांगायचं तर नमोबुवा. मध्ये आग, भोवती नऊ कौलं, नऊ दिशांचे नऊ नरक. बुवा तलवार घेऊन फेरे धरतो, तोंडातला द्रव आगीवर फुंकतो, भडका छताकडं उसळतो आणि तलवारीच्या टोकानं एकेक कौल फुटत जातं. मग मुलांनी मृताला हाताला धरून पुलावरून न्यायचं असतं. पूल लाकडी किंवा कागदी, चार पावलांचा.

तैवानात याच्या शेवटी कर्ज फेडायचं असतं. प्रत्येक जण जन्माला येताना पाताळाच्या खजिन्यातून उचल घेऊन आलेला असतो. किती, ते त्याच्या जन्मवर्षाच्या प्राण्यावर ठरतं, उंदराचं वेगळं, बैलाचं वेगळं. तेवढ्या कागदी नोटांचा ढीग मोकळ्या जागेत रचतात आणि पेटवतात. जळत असताना घरचे लोक हातात हात किंवा एक दोर धरून ढिगाभोवती कडं करून उभे राहतात, कारण ज्यांच्यासाठी जाळणारं कुणी उरलेलं नाही अशी भुतं तिथं टपलेली असतात आणि वाटेतच रक्कम लांबवतात. ज्वाळांची धग तोंडावर येते, मुलं मागं सरकू बघतात, आणि मोठी माणसं ओरडतात: दोर सोडू नका, अजून जळतंय.